चौलवर लाल गोल

डोकं फिरलंय माझं. सातवीतल्या भाचीचा इतिहासाचा प्रकल्प काल तपासून आला. चार दिवस खपून पोरीनं राल्फ फिच या सोळाव्या शतकातल्या इंग्रज व्यापाऱ्याच्या भारतप्रवासाचा नकाशा हातानं काढला होता. त्यात 'चौल'भोवती लाल पेनानं गोल आणि शेजारी शेरा: 'सुरत हवे. आफ्रिकेला वळसा घालून आला. व्हिडिओ पाहणे.' तीन मार्क कापले!

कसला वळसा? आफ्रिकेवरून येणारी वाट पोर्तुगिजांच्या ताब्यात होती, म्हणून तर हे इंग्रज व्यापारी खुष्कीनं निघाले! १५८३ साली 'टायगर' जहाजानं भूमध्य समुद्रावरच्या त्रिपोलीला उतरले, तिथून अलेप्पो, मग युफ्रेटिसमधून होडीनं खाली, पुढे बगदाद, बसरा, होर्मुझ. होर्मुझला पोर्तुगिजांनी हेर समजून धरलं, गोव्याकडे धाडलं आणि वाटेत ते चौलला लागले. सुरतेला ईस्ट इंडिया कंपनीचा कप्तान हॉकिन्स आला १६०८ला. पंचवीस वर्षांचा फरक आहे हो!

आणि हे कुठे शिकवताय? अलिबागेत! एसटीत बसलं की चौल. तिथलाच माड बघून फिचनं लिहिलंय की जगात याच्याएवढं फायद्याचं झाड नाही. दारू, तेल, साखर, दोर, शाकारायला झावळ्या, सगळं एकाच झाडाचं. आमच्या दारातला माड लंडनच्या व्यापाऱ्यानं टिपून ठेवला आणि आमच्याच पोरांना तो कळू द्यायचा नाही?

तो व्हिडिओ मी पाहिला. 'भारतात आलेला पहिला इंग्रज' म्हणे फिच! अरे, फिच गोव्याच्या तुरुंगात पडला तेव्हा त्याच्या जामिनासाठी खटपट करणारा फादर थॉमस स्टीफन्स इंग्रजच होता, १५७९पासून गोव्यात. त्यानंच पुढे मराठी ओव्यांत ख्रिस्तपुराण रचलं. मराठी शाळेत हे नाव सांगायला नको? जामिनावर सुटून फिच पळाला, बेळगाव, विजापूर, बुऱ्हाणपूर करत अकबराच्या फत्तेपूर सिक्रीला पोचला, पुढे ब्रह्मदेशातलं पेगू, मलाक्का. १५९१ला घरी परतला तर तो मेला समजून मालमत्ता वाटून झालेली! एवढं सगळं टाकून द्यायचं आणि नकाशावर एक चुकीचा बाण काढायचा.

रात्री पोरगी खोडरबर घेऊन आली. "मामा, चौल पुसून सुरत लिहू का?"

रबर काढून घेतला तिच्या हातातून. उद्या शाळा उघडायच्या आधी मी फाटकाशी उभा असेन, वही घेऊन.