उणे पावसाची रेघ

पुन्हा तेच! निफाडच्या द्राक्षबागांचा डेटा. छाटणीची तारीख आणि छाटणीनंतरचा पाऊस यांचा डाऊनीवर, म्हणजे द्राक्षावरच्या केवडा रोगावर, मिळून काय परिणाम होतो ते दाखवायचं, म्हणजे इंटरॅक्शनचा प्लॉट. आणि सॉफ्टवेअर काय करतं? पाऊस सरासरीइतका, एक एसडी (प्रमाण विचलन, म्हणजे आकडे सरासरीपासून साधारण किती लांब पसरलेत त्याचं माप) वर, एक एसडी खाली, तीन रेघा मारून मोकळं. अरे, ऑक्टोबरात बऱ्याच बागांवर थेंब नाही आणि एखाद्या शिवारात धो धो. अशा आकड्यांत एसडी सरासरीपेक्षा मोठा निघतो, म्हणजे खालची रेघ उणे पावसाची! उणे पाऊस कधी कुणी पाहिलाय? तरी ती रेघ रिपोर्टात जाते, बागायतदारांसमोर पडद्यावर लागते, कुणी हूं की चूं करत नाही.

वर ते जिओम स्मूथ, आर या संख्याशास्त्राच्या भाषेतल्या जीजीप्लॉट या आलेखाच्या पॅकेजमधलं रेघ ओढणारं फंक्शन. माती, बागेचं वय असं सगळं धरून बसवलेल्या आपल्या मॉडेलकडे ते बघतही नाही, कच्च्या ठिपक्यांवर गटागटाने स्वतःचीच रेघ ओढतं. माती, बागेचं वय, सगळं बाहेर. खाली मात्र ‘मॉडेलचा अंदाज’ असं ठोकून दिलेलं!

आरमध्ये प्रेडिक्टला, म्हणजे मॉडेलचा अंदाज काढून देणाऱ्या फंक्शनला, शून्य, दहा, चाळीस मिलिमीटर असे खरोखर पडलेले आकडे द्यायला कितीसा वेळ लागतो? तेवढंही करायचं नाही, आणि त्या चित्रावरून शेतकऱ्याला फवारणी कधी घ्यायची ते सांगायचं?