टारबॉल उन्हात उडून जात नाहीत

पावसाळा तोंडावर आला की गोव्यात कळंगुटपासून कोलव्यापर्यंतच्या किनाऱ्यांवर टारबॉल, म्हणजे समुद्रात सांडलेल्या तेलाचे डांबरी गोळे, येऊन पडतात आणि पाठोपाठ एक संदेश फिरू लागतो: हे काळे गोळे आणि पेट्रोल दोन्ही कार्बन-हायड्रोजनचेच, म्हणून दोन दिवसांच्या उन्हात ते उडून जातील, उरलेले समुद्रात विरघळतील आणि पायाला लागलेले डांबर पेट्रोलने पुसून टाकावे.

घटक एकच म्हणून गुण एकच, हे गृहीतकच चुकीचे आहे. मूलद्रव्ये सोडाच, रेणुसूत्र तंतोतंत सारखे असूनही गुण बदलतात. पाच कार्बनांचा पेंटेन सरळ साखळीचा असेल तर 36 अंश सेल्सिअसला उकळतो. तेच अणू मधल्या एका कार्बनभोवती गोलसर रचले गेले, तर उत्कलनांक साडेनऊ अंशांवर येतो, कारण या रेणूंमधले आकर्षण मुळातच क्षीण असून ते त्यांचे पृष्ठभाग एकमेकांना किती भिडतात यावर अवलंबून असते. साखळी लांबली की फरक आणखी वाढतो. चार कार्बनांचा सरळ ब्युटेन शून्याच्या किंचित खाली उकळतो, आठांचा ऑक्टेन 126 अंशांना आणि सोळांचा हेक्झाडेकेन 287 अंशांना. समुद्रात सांडलेल्या कच्च्या तेलातले हलके घटक पहिल्या काही दिवसांतच उडून जातात. मागे राहतात त्या लांब साखळ्या आणि अनेक कड्या जोडून झालेले अवजड रेणू. टारबॉल म्हणजे हाच उरलेला भाग असल्यामुळे ऊन आपले काम आधीच करून गेलेले असते. दुपारी तो फक्त मऊ होतो आणि वाळूत पसरतो.

विरघळण्याचे म्हणाल, तर पाण्याचे रेणू ध्रुवीय आहेत, म्हणजे त्यांच्या एका बाजूला किंचित धन आणि दुसऱ्या बाजूला किंचित ऋण भार असतो, आणि टारबॉलचे रेणू तसे नाहीत, म्हणून ते पाण्यात मिसळत नाहीत. लाटांनी गोळे फुटतात, जिवाणू त्यांतला काही भाग सावकाश खातात, पण विरघळणे ते नव्हे.

पेट्रोलने डांबर सुटते, एवढे खरे. परंतु त्यात बेंझिन हे कर्करोगकारक रसायन असते, ते त्वचेतून शरीरात जाऊ शकते, शिवाय पेट्रोल पेट पटकन घेते. खोबरेलाच्या रेणूंतही कार्बन-हायड्रोजनच्या लांब शेपट्या असल्यामुळे डांबर त्यातही सैल होते. ते चोळून सुती कापडाने पुसावे आणि साबण त्यानंतर लावावा.