औषधाबरोबर घर मागणारी डॉक्टर

मुलाला कॅन्सर झाला की आपण केमो, रेडिएशन, ऑपरेशन यांचा हिशोब मांडतो. त्याच्या आईने रात्री कुठे झोपायचं, हे त्या हिशोबात धरतच नाही. ते धरायलाच हवं असं माझं ठाम मत आहे, आणि म्हणूनच आज डॉ. ऑड्री इव्हान्स यांच्याविषयी लिहितेय.

जन्म १९२५ चा, इंग्लंडमधल्या यॉर्कचा. डॉक्टरकी एडिंबराला केली. १९५३ मध्ये फुलब्राइट शिष्यवृत्ती घेऊन बॉस्टनला, केमोथेरपीचे प्रणेते सिडनी फार्बर यांच्याकडे गेल्या. मायदेशी परतल्या, तर बाईला वर चढायला वाटच नव्हती. मग पुन्हा अमेरिका. आधी शिकागो, आणि १९६९ पासून फिलाडेल्फियाचं मुलांचं हॉस्पिटल.

न्यूरोब्लास्टोमा ही लहान मुलांत होणारी गाठ, बरेचदा मूत्रपिंडावरच्या ग्रंथीत. तिच्या स्टेजेस इव्हान्स यांनी १९७१ मध्ये ठरवल्या. त्यातली ४-एस ही तान्ह्या बाळांची खास स्टेज मला फार थोर वाटते. तान्ह्या बाळाच्या यकृतात, त्वचेत, अस्थिमज्जेत रोग पसरलेला असतो, आणि तरी तो कित्येकदा आपोआप ओसरतो! बाळाचं पोट यकृताने टम्म फुगलंय, बाप समोर हात जोडून उभा आहे, अशा वेळी ‘जालीम औषधं नकोत, नीट लक्ष ठेवू’ असं सांगायला पक्का अभ्यास लागतो आणि छातीही लागते.

याच बाईंना दिसत होतं की लांबून आलेले आईबाप हॉस्पिटलच्या खुर्च्यांवर रात्री काढतात. फिलाडेल्फिया ईगल्स या फुटबॉल संघातल्या फ्रेड हिल यांच्या मुलीला ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कॅन्सर, झाला होता, त्यामुळे संघ पैसे उभे करत होता. संघाचे जिम मरे काय मदत हवी ते विचारायला आले, तेव्हा इव्हान्स यांनी या कुटुंबांसाठी घर मागितलं. मॅकडोनल्ड्सची मदत मिळाली आणि १९७४ मध्ये पहिलं रोनाल्ड मॅकडोनल्ड हाउस उघडलं. आज जगभर अशी शेकडो घरं आहेत. इव्हान्स २०२२ मध्ये गेल्या.

आता परळला या. टाटा हॉस्पिटलच्या आसपासच्या फुटपाथवर पथारी, प्लास्टिकच्या पिशवीत जपलेली फाइल, तोंडाला मास्क लावलेलं पोर. ल्युकेमियाचा उपचार दोन-अडीच वर्षं चालतो. केमोने पांढऱ्या पेशी उतरलेल्या मुलाला फुटपाथवरची धूळ आणि बाहेरचं पाणी जिवावर बेतू शकतं. उपचार अर्ध्यावर सोडून गावी परतणारी कुटुंबं औषध महाग म्हणूनच जातात असं नाही. शेती पडून असते, धाकटं भावंड शेजाऱ्यांकडे असतं, मुंबईत खोली परवडत नाही.

दादरची गाडगे महाराज धर्मशाळा कॅन्सरच्या रुग्णांना आसरा देते. २००६ मध्ये मुंबईत सुरू झालेली सेंट ज्यूड इंडिया ही संस्था अशा मुलांच्या कुटुंबांना फुकट राहायला जागा देते. या लोकांपुढे मी नतमस्तक आहे. पण सगळा भार धर्मादायावर का? आपल्या जिल्ह्यात मुलांच्या कॅन्सरचा वॉर्ड मंजूर होत असेल, तर त्याच अंदाजपत्रकात आईबापांच्या खोल्यांची आणि स्वयंपाकघराची तरतूद आहे का, हे आमदारांना विचारा. मी विचारणार आहे.