'ताई, तुम्हाला परवडतं' : एका प्रतिक्रियेला उत्तर

दिवाळी अंकाच्या डेडलाइनवर आणि नंतरच्या सुटीवर मी मुद्रितशोधक म्हणून लिहिलेल्या लेखाखाली 'एक वाचक' या नावाने एक प्रतिक्रिया आली आहे. ती आधी पूर्ण देते, म्हणजे सोयीचं तेवढंच उचललं असं कोणी म्हणायला नको. ते लिहितात: "ताई, आधी जागरणाचं कौतुक आणि मग सुटीचा उपदेश, दोन्ही तुम्हाला परवडतं. दबावाखाली काम चांगलं होतं हे सांगायला तुम्ही ज्या यर्क्स आणि डॉडसनचा दाखला देता, त्यांचा प्रयोग उंदरांवरचा आहे. अंक बांधणाऱ्या बाइंडरला कोण सुटी देतं? आणि मुद्रितशोधकाला पानामागे काय मिळतं, तेही लिहा की एकदा."

पहिल्या शब्दापासूनच सुरुवात करते. ताई म्हणून हाक मारायची आणि त्याच वाक्यात टोमणा हाणायचा, ही पद्धत अलीकडे फार बोकाळली आहे. मला ताई म्हणणारी माणसं माझ्या घरी जेवून गेलेली आहेत. तुमचं तर मला नावही ठाऊक नाही. मतभेद असेल तर सरळ मांडा, मी सरळ उत्तर देईन. पण "लिहा की एकदा" हा सूर वादाचा नाही, चारचौघांत पाणउतारा करण्याचा आहे.

उंदरांचं म्हणणं मान्य. यर्क्स आणि डॉडसन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९०८ साली केलेला तो प्रयोग उंदरांवरचाच आहे आणि माणसाला तो जसाच्या तसा लावता येत नाही, हे बरोबर. पण त्यात काय दिसलं तेही सांगायला हवं होतंत. पांढऱ्या आणि काळ्या खोक्यांतला फरक उंदरांना ओळखायचा होता. चुकलं की विजेचा झटका. फरक ठळक होता तेव्हा झटका जोरदार असला की उंदीर लवकर शिकले. फरक पुसट केला तेव्हा मध्यम झटक्याने जमलं, जोरदार झटक्याने बिघडलं. माझ्या लेखाचा निम्मा भाग याच भेदावर आहे. तो तुम्ही वाचलात की नाही, शंका आहे.

अंक छपाईला जाताना शेवटचा सोळा पानांचा फॉर्म, म्हणजे एकत्र छापायचा पानांचा संच, लावायचा असतो. ऐनवेळी एक जाहिरात गळते आणि पान मोकळं पडतं. संपादक फोनवर, संगणकावर पानं लावणारा डीटीपीवाला माऊसवर हात ठेवून बसलेला. कविता घ्यायची की हास्यचित्र, दहा मिनिटांत ठरतं आणि बहुतेक वेळा चांगलंच ठरतं. हाच प्रश्न ऑगस्टमध्ये विचारला असता तर पंधरवडाभर चर्चा चालली असती. इथे दबाव उपयोगी पडतो. शेवटचं प्रूफ मात्र त्या घाईत वाचायचं नसतं. युनिकोडमध्ये आलेला मजकूर श्री-लिपी या छपाईच्या फाँटमध्ये नेताना 'डोंगरदऱ्या'च्या 'डोंगरदर्या' होऊन जातात, आणि रात्री अकरा वाजता दमलेला डोळा ते मनातल्या मनात दुरुस्त करून पुढे सरकतो. म्हणून मी शेवटचं प्रूफ सकाळीच वाचते, कागदावर, आणि दुसऱ्या प्रुफानंतर मध्ये एक रात्र जाऊ देते. संपादक कितीही घायकुतीला आले तरी ती रात्र मी सोडत नाही. जागरणाचं कौतुक कुठल्या ओळीत केलं आहे ते दाखवून द्या.

आता "तुम्हाला परवडतं". हे वाक्य मला लागलं, आणि ते का लागलं हे लिहिल्याशिवाय मी पुढे जाणार नाही.

माझे वडील गिरगावातल्या एका छापखान्यात खिळे, म्हणजे धातूची सुटी अक्षरं, जुळवायचे. आम्ही चाळीत एका खोलीत राहायचो. नवरात्राच्या सुमारास त्यांचा ओव्हरटाइम सुरू व्हायचा. डाव्या हातात ओळ रचायची स्टिक, उजव्या हाताने केसमधला, म्हणजे खणांच्या पेटीतला, एकेक खिळा उचलायचा, आणि हे सगळं उभ्याने, दिवे लागल्यानंतरही. घरी आले की बोटांची टोकं काळी आणि डोळे लाल. पण शेवटचा फॉर्म मशीनवर चढला की दिवाळी करून ते एसटीने गावी, रत्नागिरीकडे, भातकापणीला जायचे. रजा बिनपगारी. आई त्या दिवसांचा खर्च ओव्हरटाइमच्या पैशांतून आधीच बाजूला काढून डब्यात ठेवायची, आणि फराळाला कमी पडलं तरी त्या डब्याला हात लावायची नाही. शेतात काही आराम नव्हता, कंबर मोडायची. पण डोळ्यांपुढे खिळे नव्हते, तेवढ्याने ते परत माणसात यायचे. विश्रांती परवडण्याची भाषा तुम्ही मला शिकवू नका. ज्या घरात ती परवडत नव्हती, त्याच घरात ती आधी ठरवून, पैसे मोजून घेतलेली मी पाहिली आहे.

दुसरी बाजूही मी भोगली आहे. एका दैनिकात मी रात्रपाळीला उपसंपादक होते. तिथेही डेडलाइन होती, रोजची. मध्यरात्र उलटल्यावर पान सोडायचं आणि दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा तेच. साप्ताहिक सुटी कागदावर असायची. कोणी आजारी पडलं की ती गेली, आणि कोणी ना कोणी आजारी असायचंच. काम वाईट नव्हतं, माणसंही वाईट नव्हती. पण त्या दबावाला पलीकडचा काठ नव्हता. पित्त, डोकेदुखी आणि घरच्यांवर खेकसणं, एवढं मिळवून मी ती नोकरी सोडली. तेव्हा हातात दुसरं काम नव्हतं. परवडत होतं म्हणून सोडलेली नाही.

दिवाळी अंकाचं काम मला मानवलं ते याच कारणाने. १९०९ साली का. र. मित्रांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून या कामाची तारीख साहेबाच्या लहरीवर नाही, पंचांगावर ठरते. लक्ष्मीपूजन २०२३ साली १२ नोव्हेंबरला होतं, २०२४ साली १ नोव्हेंबरला, २०२५ साली २१ ऑक्टोबरला. २०२६ साली अधिक ज्येष्ठामुळे ते पुन्हा ८ नोव्हेंबरवर गेलं. कोणी कितीही आरडाओरडा केला तरी ती तारीख हलत नाही, आणि ती उलटली की अंकाचं काम उरतच नाही. असा दबाव अंगावर घेता येतो, कारण तो कधी उतरणार हे आषाढातच माहीत असतं. मागच्या लेखात मी एवढंच म्हटलं होतं: ज्या डेडलाइनच्या पलीकडे रिकामे दिवस आधीच राखून ठेवलेले नाहीत, ती डेडलाइन घेऊ नका. यात उपदेश कुठे आला?

आणि मी हे नुसतं लिहीत नाही. काम स्वीकारतानाच संपादकांना कळवते की भाऊबीज ते तुळशीचं लग्न मी कुठलाही मजकूर उघडणार नाही. निम्मे पैसे गणपतीआधी मागून घेते. त्या दिवसांचा खर्च माझ्या दरात धरलेला असतो. काहींना हे पटत नाही. ते काम दुसऱ्याला देतात, देऊ देत.

बाइंडरचा प्रश्न गंभीर आहे, पण तो माझ्या लेखाचा विषय नव्हता. मुद्रितशोधनाच्या लेखात अख्ख्या छपाई व्यवसायाचा हिशेब मागायचा, असं करत बसलं तर कुणालाच कशावर लिहिता यायचं नाही. तुम्ही त्या धंद्यात असाल तर जरूर लिहा, मी स्वतः तो लेख इथे देईन. पानामागे काय मिळतं, हा माझा आणि संपादकांचा व्यवहार आहे. तो निनावी माणसापुढे उलगडायची मला गरज वाटत नाही.

पुढची प्रतिक्रिया तुमच्या नावानिशी आली तर ठेवेन. निनावी आली आणि सूर हाच असला तर काढून टाकेन. तुळशीचं लग्न होईपर्यंत मात्र उत्तराची वाट पाहू नका.