इनव्हर्टेज बंद करून उतारा वाढेल का?

नमस्कार दादा,
इनव्हर्टेज, म्हणजे साखर फोडणारं उसातलं एन्झाइम (पेशीतली रासायनिक क्रिया घडवणारं प्रथिन), यावरच्या माझ्या लिखाणाबद्दल तुमचं म्हणणं असं: "इनव्हर्टेजशिवाय ऊस वाढत नाही असं तुम्ही लिहिलंत, पण आमच्या उसातली साखर तेच खातं. ते कायमचं बंद असलेलं वाण काढा, मग कौतुक करा." एफआरपी (उसाचा सरकारने ठरवलेला किमान दर) उताऱ्यावर, म्हणजे उसातून किती टक्के साखर निघते त्यावर ठरते, त्यामुळे तुमचा राग मला समजतो. ही मागणी मात्र पटत नाही.

पानात तयार झालेली साखर, म्हणजे सुक्रोज, खोडात उतरते. इनव्हर्टेज ती फोडून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज वेगळे करतं. शेंड्याकडच्या कोवळ्या कांड्यांत हे काम जोरात चालतं. एका रेणूचे दोन झाले की पेशी जास्त पाणी ओढते, फुगते आणि कांडं लांबतं. नव्या पेशीभित्तीचा कच्चा मालही त्यातूनच मिळतो. कांडं पक्व होऊ लागलं की आम्लधर्मी इनव्हर्टेज (आम्ल रसात काम करणारा त्याचा प्रकार) ओसरतं आणि साखर साठू लागते. शेंडा फिका आणि बुडखा गोड लागतो तो यामुळेच. उसात साखर साठण्याची ही साखळी हॅच, सॅचर आणि ग्लॅझिऊ या शास्त्रज्ञांनी १९६३ मध्येच ऑस्ट्रेलियात मांडली होती.

एन्झाइम मुळातूनच गेलं तर काय होतं, हे मक्यात दिसतं. 'मिनिएचर' नावाच्या, जनुकात बिघाड असलेल्या मक्यात दाण्याच्या बुडाशी असणारं पेशीभित्तीतलं इनव्हर्टेज नसतं. शास्त्रज्ञ प्रेम चौरे यांच्या चमूने १९९६ मध्ये हे कारण शोधलं. त्या दाण्याचं वजन नेहमीच्या साधारण एक पंचमांश भरतं. साखर दारापर्यंत येते, पण ती फोडून आत ओढून घेणारं कोणी नसतं.

तुमच्या म्हणण्याला एक आधार आहे, तोही सांगतो. बटाटा शीतगृहात ठेवला की त्यात ग्लुकोज-फ्रुक्टोज वाढतात आणि तळल्यावर चिप्स काळपट होतात. पेशीतल्या रसधानीतलं (रस साठवणाऱ्या पिशवीतलं) इनव्हर्टेज दाबल्यावर हे खूप कमी झालं. पण तिथे प्रश्न काढणीनंतरच्या बटाट्याचा होता. उसाचं खोड हेच पीक आणि तेच वाढणारं अंग, म्हणून कुठलं इनव्हर्टेज, कुठल्या कांड्यात आणि कधी दाबायचं हे नेमकं साधलं पाहिजे. सरसकट बंद केलं तर ऊस खुजा राहण्याचा धोका मला मोठा वाटतो.

तुमचं खरं नुकसान तोडणीनंतर होतं. तोडलेला ऊस मेलेला नसतो. त्यातलं इनव्हर्टेज पुन्हा वाढतं आणि उन्हात ते वेगाने साखर फोडतं. त्यातून झालेल्या ग्लुकोज-फ्रुक्टोजची दाणेदार साखर होत नाही, ते मळीत जातात. म्हणून वाण बदलण्याआधी तोडणीच्या टोळीला वाढे (शेंड्याचा कोवळा, इनव्हर्टेज जास्त असलेला भाग) नीट छाटायला सांगा, आणि गाडी कारखान्याच्या आवारात किती तास उभी राहते याचा हिशेब वार्षिक सभेत मागा.