म्हणीतला मासा झाडावरच चढतो, कावाक गावाला जात नाही

एखादी गोष्ट कधीच होणार नाही हे सांगायला तुर्की माणूस म्हणतो, ‘बालिक कावाआ चिकिंजा’. बालिक म्हणजे मासा, कावाक म्हणजे पॉप्लरचं झाड, चिकिंजा म्हणजे चढला की. उसने पैसे परत कधी मिळणार? मासा पॉप्लरवर चढला की.

या म्हणीच्या उगमाची एक गोष्ट सांगितली जाते. ती मला अजिबात पटत नाही. इस्तंबूलच्या बॉस्फरस सामुद्रधुनीच्या उत्तर टोकाला, काळ्या समुद्राच्या तोंडाशी, आनादोलू कावाई आणि रुमेली कावाई ही दोन गावं समोरासमोर आहेत. बोलताना नुसतं कावाक. म्हणीतलं कावाक ते हेच, मासा तिथवर क्वचितच पोचतो, म्हणून ही म्हण, असा युक्तिवाद.

घोळ होतो तो व्याकरणामुळे. कावाक या शब्दाला ‘कडे, वर’ अशा अर्थाचा ‘आ’ लागला की शेवटचा क विरघळतो आणि कावाआ होतं. झाड असेल तर लिहितानाही तसंच लिहितात. गावाचं नाव असेल तर लिहिताना क राखून पुढे लोपचिन्ह देतात, पण उच्चार मात्र तोच. कानाला फरक कळायला वावच नाही. त्यात ‘चिकमाक’ या क्रियापदात चढणंही आलं आणि बाहेर पडणंही.

पण जरा माशांकडे बघा. पालामुट आणि ल्युफेर हे मासे शरदात काळ्या समुद्रातून मार्मरा समुद्राकडे उतरतात, वसंतात परत वर जातात. वाट एकच, सुमारे ३० किलोमीटरची ही सामुद्रधुनी, आणि कावाक तिच्या दारातच! वर्षातून दोनदा घडणाऱ्या गोष्टीवरून ‘कधीच नाही’ कसं निघेल? आनातोलियात, म्हणजे तुर्कस्तानच्या आशियाई भागात, पॉप्लर पाण्याच्या कडेला वाढतो, खोड सरळसोट. खाली मासा, काठावर उंच झाड. म्हण सुचायला एवढं पुरेसं आहे, गाव कशाला हवं?

‘क्वचित’साठी तुर्कीत वेगळा शब्दप्रयोग आहे: ‘किर्क यिल्दा बिर’, चाळीस वर्षांतून एकदा. हे चाळीस मोजायचे नसतात. तुर्कीत गोमेला ‘चाळीसपायी’ म्हणतात आणि गोष्टींतली लग्नं चाळीस दिवस, चाळीस रात्री चालतात. आपला कपिलाषष्ठीचा योग मात्र पंचांगातून काढलेला: भाद्रपद वद्य षष्ठी, मंगळवार, रोहिणी नक्षत्र, व्यतीपात योग आणि सूर्य हस्तात.

म्हणून मराठीत आणताना ‘किर्क यिल्दा बिर’ला कपिलाषष्ठी चालेल. माशाच्या म्हणीला ती वापरलीत तर पैसे मिळायची आशा उरते. तिथे ‘सूर्य पश्चिमेला उगवला की’ हेच हवं.