नवा विभाग उघडला, पण ९५ सेंटिमीटरच्या माणसाचं काय?

थीम पार्कात नवा विभाग उघडला की आपल्या गोव्यातल्या चाहत्यांत लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो, ‘हे सगळं पोराटोरांचं, आपल्याला काय त्यात?’ दुसरा म्हणतो, ‘भुरग्यांना न्यायचं तर आत्ताच न्या.’ दोघंही पोस्टर बघून बोलत असतात. पोस्टरवर राजकन्या असली की विभाग चिमुरड्यांचा, अंतराळयान असलं की मोठ्यांचा, असा सगळा हिशेब. पोस्टर बाजूला ठेवा आणि राइडच्या तोंडाशी उभी असलेली उंचीची पट्टी बघा. विभाग कुणासाठी बांधलाय ते तिथे सेंटिमीटरमध्ये लिहिलेलं असतं.

आधी मुलांची उंची. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात मधोमध बसणारं मूल दोन वर्षांचं असताना साधारण ८६-८७ सेंमी असतं, तीनचं ९५-९६, चारचं १०३, पाचचं ११० आणि सहाचं ११५-११६. आपल्याकडची बरीच मुलं याहून दोन-चार सेंमी कमीच भरतात, त्यात काळजीचं काही नाही. पण थीम पार्कातल्या राइडच्या अटी नेमक्या याच टप्प्यात येतात. ८१, ९५, ९७, १०२, ११२, १२०. म्हणजे ‘मुलगा चारचा झाला, आता सगळं चालेल’ हे वाक्य १०२च्या पट्टीखाली कधी खरं ठरतं, कधी एका बोटाने हुकतं.

आता काही विस्तार या पट्टीवर घासून बघू. कॅलिफोर्नियाच्या डिस्नीलँडमध्ये ३१ मे २०१९ला ‘स्टार वॉर्स’चा विभाग उघडला. प्रचंड काम, नुसतं बघत फिरावं असं. तिथे मोठ्या राइड दोन, एकीला ९७ सेंमी लागतात आणि दुसरीला १०२. तीन वर्षांच्या मुलासाठी तो विभाग म्हणजे मोठा, सुंदर रस्ता. त्याआधी २७ मे २०१७ला फ्लोरिडातल्या डिस्नीच्या पार्कात ‘अवतार’ सिनेमावरचा ‘पँडोरा’ उघडला. तिथेही राइड दोनच, पण एक ११२ सेंमीची आणि दुसरी संथ होडीची, जिला उंचीची अटच नाही. निम्मा विभाग तरी खुला. टोकियो डिस्नीसीमधला ‘फँटसी स्प्रिंग्ज’ ६ जून २०२४ला सुरू झाला. तिथल्या चार राइडपैकी फक्त पीटर पॅनच्या राइडला १०२ सेंमी लागतात, बाकी तिन्हींत आधाराशिवाय नीट बसता येणारं मूल आईबापांसोबत चालतं. चाहत्यांनी त्या विभागाच्या देखाव्याची तारीफ केली ती बरोबरच आहे, पण चिमुरड्यांच्या बाजूने त्याचं खरं यश हे चारात तीन.

गोव्यातून सहसा ज्या परदेशी डिस्नीचा विचार होतो ती हाँगकाँगची. तिथला ‘वर्ल्ड ऑफ फ्रोझन’ २० नोव्हेंबर २०२३ला उघडला. त्यात राइड दोन. ‘फ्रोझन एव्हर आफ्टर’ या होडीच्या राइडला उंचीची अट नाही. ‘वाँडरिंग ओकन्स स्लायडिंग स्लेज’ हा घसरगाडीचा छोटा रोलर कोस्टर, त्याला ९५ सेंमी. आता गंमत बघा. त्या पार्कात तीन वर्षांखालच्या मुलाला तिकीट लागत नाही. त्यामुळे पुष्कळ लोक ‘तिसऱ्या वाढदिवसाआधी उरकून घेऊ’ असं ठरवतात. पण ९५ सेंमी ही बरोब्बर तीन वर्षांच्या मुलाची उंची! फुकट प्रवेश आणि ती घसरगाडी, दोन्ही एकाच वेळी पदरात पडणारी मुलं थोडीच. मुलाचा जीव राजकन्यांत आणि होडीतच अडकलेला असेल तर वाढदिवसाआधी जा. घसरगाडीचा हट्ट असेल तर वर्षभर थांबलेलं बरं.

होडीबद्दल एक सूचना. ‘उंचीची अट नाही’ म्हणजे ‘भीती नाही’ असं नव्हे. आत काळोख आहे, मध्येच होडी उलटी मागे सरकते आणि एक छोटा उतार येतो. उतार मोठ्यांना जाणवतही नाही, पण मागे सरकताना पुढचं काही दिसत नाही आणि लहान मूल बिथरतं ते तिथे. त्याला आधीच सांगून ठेवावं की होडी आता मागे जाणार. कुठे बसणार तेही बघा, मूल कडेला नको, मोठ्या दोघांच्या मधे.

त्याच पार्कात उंचीची अट नसलेल्या जुन्या राइड भरपूर आहेत. डंबोचे हत्ती, सिंड्रेलाचे घोडे, विनी द पू, ‘इट्स अ स्मॉल वर्ल्ड’ आणि ‘मिस्टिक मॅनर’. शेवटची आतून बरीच अंधारी, पण रचना अफलातून. नव्या विभागाच्या नादात या सुटू देऊ नयेत. उलट ‘बिग ग्रिझली’ला ११२ आणि टॉय स्टोरी विभागातल्या ‘आरसी रेसर’ला १२० सेंमी लागतात. तीन-चार वर्षांच्या मुलाला घेऊन त्या रांगेच्या तोंडाशी फिरकूच नका, नाहीतर तिथेच भोंगा सुरू.

‘एका सेंटिमीटरने काय होतं?’ म्हणून पट्टीपाशी हुज्जत घालणारे पालक सगळीकडे दिसतात. काय होतं ते सांगतो. मांडीवर येणारा दांडा दोघांत एकच असेल तर तो वडलांच्या मांडीवर टेकून थांबतो, आणि शेजारी बसलेल्या पोराच्या मांडीवर चांगली वीतभर फट राहते. गाडीने ब्रेक मारला की मूल त्या फटीतून खाली घसरू शकतं. स्वतंत्र दांडा असला तरी मांड्या आखूड आणि बारीक असतील तर तो मूल धरून ठेवण्याइतका खाली येत नाही. शिवाय लहान मुलाचं डोकं अंगाच्या मानाने जड, मान नाजूक. उंची हे या सगळ्याचं ढोबळ माप आहे, पण दारात उभ्या माणसाला पाच सेकंदांत घेता येण्यासारखं तेवढंच एक माप. बुटात कागद कोंबून मुलाला पास करणाऱ्यांनी तो कागद कुणाला फसवतो याचा विचार करावा.

घरी मोजायची रीत साधी आहे. अनवाणी उभं करा, टाचा, पाठ आणि डोकं दाराच्या चौकटीला टेकलेलं, नजर समोर. डोक्यावर जाड पुठ्ठ्याचं पुस्तक आडवं ठेवा, त्याची कड चौकटीला काटकोनात, खाली पेन्सिलीची खूण. संध्याकाळी मोजा, कारण दिवसभरात माणूस सेंटिमीटरभर दबतो आणि पार्कात तुम्ही त्या राइडपाशी पोचणार दुपारनंतरच. आकडा अटीच्या एक सेंमी आतबाहेर असेल तर त्या राइडचं मुलापाशी आधी नावच काढू नका.

आता रांगेबद्दल, कारण विस्ताराचा खरा कस तिथे लागतो. डंबोसारख्या गोल फिरणाऱ्या राइडचा हिशेब करा. १६ हत्ती, एकात दोघं, म्हणजे फेरीला ३२ माणसं. फिरणं दीड-दोन मिनिटं, पण पोरांना बसवणं, पट्टा लावणं, ‘मला निळाच हत्ती हवा’ हे मिटवणं यात तेवढाच वेळ आणखी जातो. चार मिनिटांची एक फेरी धरली तर तासाला १५ फेऱ्या, ४८० माणसं. तेही एकही हत्ती रिकामा न जाता. याउलट २० जणांची होडी दर ४० सेकंदांनी सुटली तर तासाला १८०० माणसं जातात. म्हणून बाहेरून छोटी दिसणारी डंबोची रांग हलत नाही आणि होडीची लांबलचक रांग सरकत राहते. चिमुरड्यांचा विभाग वाढवताना नुसते गोल फिरणारे पाळणे टाकले तर गर्दी कमी होत नाही, ती चार ठिकाणी उभी राहते एवढंच.

फ्लोरिडाच्या मॅजिक किंग्डम या डिस्नीच्याच पार्कात २०१२ साली ‘न्यू फँटसीलँड’ केलं तेव्हा हे ओळखून डंबोचा दुसरा पाळणा बांधला आणि मधे सर्कशीच्या तंबूत खेळायची जागा केली. हातात पेजर द्यायचे, नंबर लागला की तो वाजायचा. तोवर पोरं आत घसरगुंडीवर आणि आईबाप थंडाव्यात बसलेले. माझ्या मते चिमुरड्यांसाठी केलेला विस्तार कसा असावा याचा हा सगळ्यात चांगला नमुना, आणि डंबोच्या या फेरबदलात नवी राइड म्हणावी अशी एकही नाही.

सावलीचा मुद्दा गोंयकारांना वेगळा समजावून सांगायला नको. मे महिन्यात म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात तीन वर्षांचं मूल कडेवर घेऊन चाळीस मिनिटं उभं राहून बघा. बाबागाडी बहुतेक रांगांत नेऊ देत नाहीत, ती बाहेर लावायची, आणि तीन वर्षांचं मूल चौदा किलोचं असतं. हाँगकाँगचा उन्हाळा आपल्यासारखाच दमट. विजा चमकायला लागल्या की उघड्यावरचे कोस्टर आणि पाळणे बंद होतात, छताखालच्या राइड चालू राहतात. म्हणून सकाळी उघडल्या उघडल्या गोल पाळणे आणि उघड्यावरचं सगळं, दुपारी होडी आणि अंधाऱ्या राइड. चतुर्थीच्या सुट्टीत जायचं तर तिथे तो वादळांचा मोसम. १ मे आणि १ ऑक्टोबरपासूनचे दिवस चीनच्या मोठ्या सुट्ट्यांचे, ते टाळलेलेच बरे.

एक मतभेद मात्र चाहत्यांशी कायमचा. ‘लहान मुलांसाठी कोपरा वेगळा करा’ ही मागणी मला पटत नाही. आपल्याकडे म्हापशाला बोडगेश्वराच्या जत्रेत घोड्यांचा पाळणा असतो तसा: मूल आत, आई कठड्याबाहेर पर्स आणि चपला धरून, बाप मोबाइल धरून. जत्रेत ते ठीक, दहा मिनिटांत खाजं घेऊन पुढे. पण दिवसभराच्या तिकिटात मोठ्यांना चढू न देणारे पाळणे म्हणजे अर्धं कुटुंब पहारेकरी, आणि बुजरं मूल एकटं बसतच नाही. वॉल्ट डिस्नीला पार्कची कल्पना सुचली तीच लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कात, मुली पाळण्याच्या घोड्यांवर फिरत असताना बाकावर बसून. आईबाप आणि मुलं मिळून मजा करतील अशी जागा त्याला हवी होती आणि १७ जुलै १९५५ला ती उघडली. सत्तर वर्षं झाली, तरी विस्ताराच्या नकाशात तो बाक नव्याने काढून दाखवावा लागतो.

जवळचं म्हणाल तर खोपोलीचं इमॅजिका. २०१३ साली उघडलं. मडगाव किंवा थिवीहून गाडी पकडून पनवेलला उतरायचं, पुढे रस्त्याने. नाव ‘नायट्रो’ कोस्टरचं झालं, पण चिमुरड्यांसाठी तिथे टबी हत्ती आणि घोड्यांचा पाळणा आहे. बेंगळुरूच्या वंडरलामध्ये तर तिकीटच उंचीवर: ८५ सेंमीखाली फुकट, तिथून १४० सेंमीपर्यंत मुलांचं. म्हणजे चौकटीवरची ती पेन्सिलीची खूण तिथे थेट पैशांत मोजली जाते. दर आणि अटी बदलत असतात, निघायच्या आठवड्यात पार्कच्या साइटवर बघून घ्या. पैसे भरून रांगेत पुढे जायचा पास घ्यायचा असेल तर ज्या राइडमध्ये मूल बसणार तिच्यासाठीच घ्या.

दोन मुलं असतील, एक १०५ सेंमीचं आणि एक ९०चं, तर डिस्नीच्या पार्कांत ‘रायडर स्विच’ मागा. सगळ्यांनी मिळून राइडच्या तोंडाशी जायचं, धाकट्याला दाखवायचं आणि आत शिरण्याआधीच तिथल्या माणसाला सांगायचं. एक पालक मोठ्याला घेऊन रांगेत, दुसरा धाकट्यापाशी. पहिला परत आला की दुसऱ्याला पुन्हा सगळी रांग लावावी लागत नाही. मोठ्याला दुसऱ्यांदाही बसायला मिळतं का ते तिथेच विचारून घ्या, सगळीकडे नियम सारखा नसतो. आणि बाहेर थांबायच्या त्या वेळासाठी धाकट्याचा खाऊ थांबणाऱ्याच्या पिशवीत असू द्या, रांगेत गेलेल्याच्या नको.